चेंबर ठोकला? आधी चाबी बंद करा!



सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आपल्या सभासदांच्या पिकअप दिवसभर पांदणीतून फिरतात. मागच्या हंगामात मी एका सभासद भाऊंच्या गाडीत बसलो होतो. मागे सोयाबीनचे कट्टे. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल आणि मधला उंचवटा वाळून दगडासारखा. खालून 'खाट्' आवाज आला. थोडं पुढे गेलो तर ऑइलचा लाल दिवा लागला. भाऊ म्हणाले, "तिवसा पाचच किलोमीटर आहे न साहेब, जाते गाडी." मी म्हटलं, "भाऊ, आधी चाबी बंद करा."

खाली वाकून पाहिलं तर ऑइलची धार लागली होती. माल ट्रॉलीत भरला, गाडी ओढत नेली. चेंबर दुरुस्त होऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी परत कामावर. तेवढे पाच किलोमीटर चालवली असती तर बेअरिंग आणि क्रँक घासून इंजिनच जाम झालं असतं. ऐन हंगामात गाडी उभी!

*गळत नसेल तरी बघा*
चेंबर म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं. त्याच्या तळापासून थोड्याच अंतरावर ऑइल ओढणारी जाळी असते. चेंबर आत दबला तर एक थेंब न गळताही जाळीचं तोंड बंद होऊ शकतं. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर दिसते, पण ऑइल वर चढत नाही. म्हणून दिवा लागला की "लेव्हल तर आहे" म्हणून गाडी दामटू नका.

*चेंबर काढताना*
१) गाडी सपाट, कडक जागेवर लावा. चाकांना गुटके लावा. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, मजबूत घोडी लावाच.
२) बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, उकळतं नको.
३) बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून ढिले करा. चेंबर चिकटला असेल तर पेचकस घुसवून उचकटू नका, कड खराब झाली की नंतर गळतीच.
४) जाळी साफ करा. दोन्ही कडांवरचं जुनं पॅकिंग पूर्ण खरवडा.
५) नवीन पॅकिंग टाका. सिलिकॉन लावायचं असेल तर पातळ रेघ पुरे. जास्तीचं आत सुटून जाळीत अडकते.
६) बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, सारखे आवळा. जोर लावून आटे मारू नका.
७) सिलिकॉन पूर्ण सुकल्यावरच ऑइल भरा. गाडी सुरू करून दिवा विझतो का आणि कुठे ओल दिसते का, ते पाहा.

काही गाड्यांत चेंबर काढायला इंजिनचे माउंटिंग ढिले करून इंजिन उचलावं लागते. ते काम मिस्त्रीचंच. पत्र्याचा चेंबर ठोकून, वेल्डिंग करून चालतो. अ‍ॅल्युमिनियमचा तडकला तर आर्गन वेल्डिंग लागते, नाहीतर नवीनच घ्या.

*जळालेलं ऑइल वावरात नको*
ते डब्यात भरून गॅरेजवर द्या. धुऱ्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. काही जण उधळीसाठी संत्र्याच्या बुंध्याला लावतात, त्यानं सालीलाच इजा होते. बुंध्याला बोर्डो पेस्टच लावा: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर.

*आज एवढं करा*
गाडी रात्री उभी करताना खाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग दिसला तर माल भरण्याआधी चेंबर तपासा. आणि हा मेसेज गाडी चालवणाऱ्या पोरापर्यंत नक्की पोचवा, चाबी त्याच्याच हातात असते.

आपला,
कृषी मार्गदर्शक, तिवसा