मंगोलियाची कुरणे आणि ‘झुद’

दुष्काळ म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर आणि चारा छावणीत बांधलेली जनावरे उभी राहतात. मंगोलियाचा दुष्काळ याहून वेगळा आहे. तो हिवाळ्यात येतो, बर्फाच्या रूपाने येतो आणि जनावरे उभ्या उभ्या मरतात. तेथील लोक त्याला ‘झुद’ म्हणतात. हे संकट केवळ निसर्गाचे आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मंगोलियाचे क्षेत्रफळ सुमारे १५ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. लोकसंख्या मात्र जेमतेम ३५ लाख. शेतीयोग्य जमीन थोडी, पाऊस कमी, उन्हाळा आखूड. म्हणून शतकानुशतके लोक मेंढ्या, शेळ्या, गाई व याक, घोडे आणि उंट या पाच प्रकारच्या जनावरांवर जगत आले. गवत संपले की ‘गेर’ हा लोकरी नमद्याचा गोल तंबू उतरवायचा आणि पुढच्या कुरणाकडे निघायचे. घाट उतरून कोकणात मेंढरे नेणारे आपले धनगर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या जीवनाची कल्पना सहज यावी.

झुदचे प्रकार अनेक आहेत. बर्फाचा थर इतका जाड पडतो की जनावरांना खुराने तो उकरता येत नाही, तो पांढरा झुद. बर्फच पडत नाही, त्यामुळे जनावरांना पिण्यास काहीच मिळत नाही, तो काळा झुद. सर्वांत भयंकर तो लोखंडी झुद. यात भर हिवाळ्यात थोडी ऊब येऊन बर्फ वितळतो आणि लगेच पुन्हा गोठतो. गवतावर काचेसारखे कवच चढते. खाली चारा दिसतो, पण तोंडी लागत नाही. जनावरांच्या दाटीने कुरण तुडवले जाऊन ओढवतो तो खुराचा झुद. हे चौथे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण संकटात माणसाच्या व्यवहाराचाही वाटा असतो हे त्या नावातच मान्य केलेले आहे.

हिवाळ्यात मरणाऱ्या जनावराचे भवितव्य बहुधा उन्हाळ्यातच ठरलेले असते. उणे चाळीस अंशांच्या थंडीत तगायचे तर अंगावर चरबी हवी, आणि ती उन्हाळ्याच्या हिरव्या गवतावरच चढते. १९४० पासून मंगोलियाचे सरासरी तापमान दोन अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. ही वाढ जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त आहे. उष्णतेने जमिनीतील ओल लवकर उडते, गवत खुरटते आणि जनावर अर्धपोटीच हिवाळ्यात शिरते.

आता दुसरी बाजू. १९९० पूर्वीच्या समाजवादी राजवटीत जनावरे मुख्यतः सहकारी संस्थांची होती. त्या राजवटीचे गोडवे गाण्याचे कारण नाही; पण विहिरींची निगा, गुरांचे वैद्य आणि आणीबाणीसाठी वैरणीचे साठे यांची तिने व्यवस्था केली होती. १९९० नंतर संस्था मोडल्या आणि जनावरे खाजगी झाली. १९९२ च्या संविधानाने कुरणे मात्र खाजगी मालकीबाहेर ठेवली. जनावर माझे, कुरण सर्वांचे आणि निगा कोणाचीच नाही, अशी अवस्था झाली. कारखाने बंद पडून बेकार झालेली कुटुंबेही पोटासाठी याच धंद्यात आली.

त्यातच काश्मिरी लोकरीला भाव आला. ही लोकर म्हणजे शेळीच्या अंगावरील आतली मऊ लव. ती पुरविण्यात मंगोलिया चीनच्या खालोखाल जगात दुसरा आहे. परिणामी १९९० मध्ये सुमारे ५० लाख असलेल्या शेळ्या २०१९ मध्ये २ कोटी ९० लाखांच्या घरात गेल्या. एकूण जनावरे २ कोटी ६० लाखांवरून ७ कोटींवर पोहोचली. शेळी गवत बुडापर्यंत कुरतडते, कधी मुळासकट उपटते. उघडी पडलेली माती वाऱ्यावर जाते.

मग राजधानीतील शहाणे म्हणतात, पशुपालक अडाणी आणि लोभी आहे. हा आरोप आम्हाला न्याय्य वाटत नाही. ज्याला ना पेन्शन, ना बँकेतील ठेव, त्याची पुंजी चार पायांवरच चालते. झुदमध्ये अर्धा कळप जाणार हे ठाऊक असल्यावर तो कळप वाढवून ठेवणारच. शिवाय वर्षाचा खर्च आणि कर्जाचे हप्ते तो वसंतात विकलेल्या लोकरीवर भागवतो.

२००९–१० च्या झुदमध्ये सुमारे एक कोटी, तर २०२३–२४ मध्ये ७० लाखांहून अधिक जनावरे मेली. हजाराचा कळप असलेला यातून सावरतो, शंभरवाला बुडतो. २००६ पासून जनावरांच्या विम्याची योजना आली, २०२१ पासून डोईप्रमाणे जनावरांवर करही आला. विम्याचा हप्ता असो वा कर, थोडक्या जनावरांच्या धन्याला तो अधिक जाणवतो.

बुडालेले कुटुंब आपला गेर घेऊन उलानबातरच्या कडेला येते. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या आज या एका शहरात आहे. टेकड्यांवरील गेरवस्त्यांत सांडपाण्याची सोय नाही, घर तापविण्यास कोळशाची शेगडी. त्या धुराने हिवाळ्यात शहर झाकोळून जाते आणि मुले फुप्फुसाच्या विकारांनी आजारी पडतात. मे २०१९ पासून कच्च्या कोळशावर बंदी घालून प्रक्रिया केलेल्या विटा दिल्या गेल्या. धूर कमी झाला, पण गेला नाही. त्याआधी, जानेवारी २०१७ मध्ये, शहराने बाहेरून येणाऱ्यांची नोंदणीच थांबविली होती. ही बंदी २०२० च्या आरंभापर्यंत टिकली. लोक तरीही येतच राहिले, कारण मागे परतण्यास कळप उरला नव्हता. फक्त त्यांची नावे कोठल्याच दप्तरात नव्हती, आणि नोंद नसल्याने मुलाला शाळेत घालणे वा दवाखान्यात दाखविणे त्यांना दुरापास्त झाले.