सभ्य गृहस्थांच्या मुलींची शाळा

शाळेचा मोठेपणा सांगायचा म्हणजे तिच्या माजी विद्यार्थ्यांची यादी वाचायची, ही रीत सगळीकडे सारखीच आहे. आपल्याकडील कोणत्याही जुन्या शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका उघडा. पहिल्या पानांवर न्यायमूर्ती, कुलगुरू, मंत्री, शल्यविशारद यांची छायाचित्रे ओळीने दिसतील. ही यादी खोटी नसते, पण ती अर्धी असते. फाटकातून आत आलेल्यांनी पुढे काय केले एवढेच ती सांगते. फाटकावर कोणाला अडवले, हे तिच्यात कोठेच नसते.

इंग्लंडमधील 'चेल्टनहॅम लेडीज कॉलेज' या शाळेकडे या नजरेने पाहण्याजोगे आहे. नावात कॉलेज असले तरी ती मुलींची खाजगी निवासी शाळा आहे. इंग्लंडचा राजा ज्या पंथाचा प्रमुख मानला जातो त्या अँग्लिकन पंथाच्या परंपरेत ती वाढली. इतक्या दूरच्या शाळेशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध सरळ आहे. पंडिता रमाबाई तेथे शिकल्या आणि तेथे शिकवीतही होत्या.

शाळा १३ फेब्रुवारी १८५४ रोजी ८२ मुलींनिशी सुरू झाली. चेल्टनहॅम हे औषधी झऱ्यांचे गाव. हिंदुस्थानात नोकरी करून, यकृत बिघडवून घेऊन आणि पेन्शन बांधून परतलेल्या साहेबांची तेथे मोठी वस्ती होती. त्या पेन्शनीत आपल्या मुलखातील शेतसाऱ्याचा पैसा होता, ही गोष्ट त्या गावाच्या इतिहासात सहसा कोणी लिहीत नाही. साहेबांच्या मुलांसाठी १८४१ पासून वेगळे कॉलेज होतेच. आता मुलींसाठी भाग-भांडवल गोळा करून शाळा काढण्यात आली आणि तिचे दार 'सभ्य गृहस्थां'च्या मुलींसाठीच उघडे ठेवण्यात आले. सभ्य गृहस्थ म्हणजे जमीनजुमल्यावर जगणारा, लष्करी वा मुलकी अधिकारी, पाद्री, डॉक्टर, वकील. दुकानदार त्यात बसत नव्हता. वाण्याची मुलगी कितीही हुशार असो आणि बाप फी रोख मोजायला तयार असो, तिला प्रवेश नव्हता. बापाचा धंदा आणि घराण्याची प्रतिष्ठा यांची चौकशी करूनच नाव दाखल होई.

हे वाचून आपल्या मनात लगेच जात उभी राहते, पण येथे थोडे सावध राहिले पाहिजे. वर्ग आणि जात एक नव्हेत. चेल्टनहॅमचा वाणी पैसा साठवून धंदा विकील, मुलाला वकील करील, आणि त्याची नात त्याच शाळेच्या पायऱ्या चढेल. दोन पिढ्यांत बाप बदलता येत असे. महाराच्या नातवाला ती सोय नव्हती. त्याने कितीही पैसा साठवला तरी त्याचा आजा महारच राहत होता. इंग्लंडमधील दार जाड होते, पण त्याला कडी होती. आपल्याकडे दाराच्या जागी भिंतच होती. तरीही दारावर उभे राहून बापाचा धंदा विचारणाऱ्या माणसाची भाषा दोन्हीकडे एकच असते, हे विसरून चालणार नाही.

शाळा पहिल्या चार वर्षांतच डबघाईला आली. १८५८ साली डोरोथिया बील या बाई मुख्याध्यापिका म्हणून आल्या तेव्हा मुली ६९ उरल्या होत्या आणि मूळ भांडवलातील बहुतेक पैसा संपला होता. पुढे १९०६ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे, त्या तेथेच होत्या, आणि अखेरीस मुलींची संख्या हजाराच्या घरात गेली होती. या बाईंचे कर्तृत्व मान्य केलेच पाहिजे. मुलींनी थोडे फ्रेंच, थोडा पियानो आणि थोडे भरतकाम शिकावे आणि लग्नाची वाट पाहावी, असा तो काळ होता. बीलबाईंना मुलींना गणित आणि विज्ञान शिकवायचे होते. पण भूमितीचे नाव काढले तर पालक मुलींना काढून नेतील अशी धास्ती होती. तेव्हा त्यांनी प्राकृतिक भूगोल या निरुपद्रवी नावाखाली विज्ञानाला वर्गात आणले. भूगोलाला कोणाची हरकत नव्हती. आपल्या शिक्षक वाचकांना ही युक्ती ओळखीची वाटेल.

इंग्लंडच्या सरकारने १८६४ ते १८६८ या काळात शाळांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्यापुढे बीलबाईंनी साक्ष दिली. लंडनमध्ये मुलींची शाळा चालवणाऱ्या फ्रान्सिस मेरी बस यांनीही दिली. दोघी एकाच पंथाच्या, एकाच ध्येयाच्या आणि मैत्रिणी. पण बसबाईंनी १८५० साली काढलेल्या शाळेत बापाच्या धंद्याची चौकशी नव्हती, धर्माचीही अट नव्हती. कमी फीची दुसरी शाळाही त्यांनी १८७१ साली काढली. म्हणजे त्या काळी वेगळे करणे शक्य नव्हते असा बचाव चेल्टनहॅमच्या बाजूने करता येत नाही. शेजारी दुसरा रस्ता होता आणि लोक त्यावरून चालतही होते. 'काळच तसा होता' हे वाक्य आपल्याकडेही पेशवाईपासून आजपर्यंत वापरले जाते. ते ऐकले की त्या काळात वेगळे वागणारे कोण होते हे शोधावे. कोणीतरी सापडतेच.

आता ती यादी पाहू. ग्रीक धर्मविधींच्या अभ्यासाला नवी दिशा देणाऱ्या विदुषी जेन हॅरिसन येथल्याच. कादंबरीकार मे सिंक्लेअर येथे जेमतेम एक वर्ष होत्या. त्यांच्या बापाचे दिवाळे निघाले होते, आणि त्यांच्यातील लेखिकेला बीलबाईंनी धीर दिला. चित्रकार ब्रिजेट रायली आणि अभिनेत्री क्रिस्टिन स्कॉट टॉमस अलीकडच्या. इतिहासकार लिसा जार्डिन यांना गणिताच्या शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला. त्या पोलंडमधून आलेल्या ज्यू घराण्यातल्या. बापाचा धंदा विचारण्याची जुनी चाल तोवर मोडली होती. आता तेथे वर्षाची फी विचारतात. निवासी विद्यार्थिनीसाठी ती चाळीस हजार पौंडांच्या वर आहे.

या यादीतील एका नावाशी थांबले पाहिजे. मॉड रॉयडन ही लिव्हरपूलच्या धनाढ्य जहाजमालकाची मुलगी. चेल्टनहॅम आणि मग ऑक्सफर्ड येथे शिकून ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरली. धर्मावर तिची निष्ठा होती, वाणी प्रभावी होती, पण ज्या पंथाच्या शाळेत ती वाढली त्याच पंथाचे व्यासपीठ तिला बंद होते. १९१७ साली ती लंडनमध्ये प्रवचनकार झाली ती दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा दिली ती १९९४ साली. शाळेने मुलीला बोलायला शिकवले, आणि शाळेच्या मालकाने तिला गप्प बसवले. जे शिक्षण धर्मसत्तेच्या आश्रयाने दिले जाते त्याचा हा पेच असतो.

पंडिता रमाबाई याच पेचात सापडल्या. त्या १८८२ साली पुण्यास आल्या. पती बिपिन बिहारी हे बंगाली कायस्थ, म्हणजे ब्राह्मणांच्या हिशेबी शूद्र. त्यांच्याशी नोंदणी विवाह करून रमाबाईंनी जातीची मर्यादा आधीच ओलांडली होती आणि त्याच वर्षी त्या विधवा झाल्या होत्या. पुण्यातील अँग्लिकन जोगिणींच्या ओळखीने त्या १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील मठात राहिल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वैद्यक शिकायचे होते, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहिले. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमला इंग्रजी, गणित, विज्ञान शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या.

बीलबाईंनी रमाबाईंना मानाने वागवले. त्यांचे प्रश्न गंभीरपणे घेतले, धर्मशंकांना पत्रांतून सविस्तर उत्तरे दिली. पण रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार निघाला तेव्हा हिंदुस्थानात काम करणारे दोन बिशप, मुंबईचा आणि लाहोरचा, आडवे आले. इकडे परतल्यावर त्यांचे लोकांतील वजन कमी होईल, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी की पुण्यात आणि कलकत्त्यात पुरुषांच्या भर सभांत रमाबाई आधीच बोलल्या होत्या. ज्या देशातील रूढीचे कारण बिशप पुढे करीत होते त्या देशात त्यांनी ती रूढी मोडून झाली होती. रमाबाईंनी ठणकावून सांगितले की माझ्या सदसद्विवेकाचा ताबा मी कोणाकडे दिलेला नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवून दुसऱ्याचे घ्यायला त्या तयार नव्हत्या. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, हाही त्यांचाच आग्रह.

त्यांच्या ताटावरूनही वाद झाला. रमाबाई मांस-अंडी खात नसत. अंडे घातलेली खीरही नाकारीत. मठातील जोगिणींना यात जातीचा उरलेला ताठा दिसे. या वादात दोघींनाही थोडे खरे दिसत होते असे माझे मत आहे. शाकाहार ही निव्वळ आवड असू शकते, पण ब्राह्मण घरातील शाकाहार हा निव्वळ आवडीचा प्रश्न कधीच नसतो. आणि दुसऱ्याच्या ताटात बोट घालून धर्म तपासणे हा धंदा भटाचा असो की मठाचा, तो वाईटच.

रमाबाई १८८६ च्या फेब्रुवारीत अमेरिकेस गेल्या. तेथे १८८७ साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजी पुस्तक लिहिले आणि पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन निघाले, ते उच्चवर्णीय विधवांसाठी. सोवळे-ओवळे पाळण्याची सोय तेथे ठेवलेली होती. ही उसनवारी चेल्टनहॅमची होती असे मी म्हणत नाही. जात रमाबाईंना इंग्लंडला जाऊन शिकावी लागली नव्हती. परंतु दोन्ही संस्थांचा हिशेब एकच होता. आधी वरच्यांना उचलू, मग ते खालच्यांना उचलतील. चेल्टनहॅमच्या माजी विद्यार्थिनींनी १८८९ सालीच लंडनच्या पूर्व भागातील गरीब वस्तीत सेवाकेंद्र उघडले. ज्या मजुराच्या मुलीला आपल्या वर्गात बाकावर जागा नाही, तिच्या वस्तीत जाऊन तिची सेवा करायची. या कणवेत खोटेपणा नव्हता. पण हक्क मागणाऱ्याला कणव पुरत नाही, हे दलित कार्यकर्त्याला समजावून सांगावे लागत नाही.

हा वरून झिरपण्याचा हिशेब जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगापुढील निवेदनात खोडून काढला होता. सरकार शेतकऱ्याच्या करातून वरच्या वर्गाला उच्च शिक्षण देते आणि ते खाली झिरपत नाही, म्हणून पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, अशी त्यांची मागणी होती. त्याच आयोगापुढे, त्याच पुण्यात, रमाबाईंनीही साक्ष दिली आणि स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर मागितल्या. दोन साक्षी शेजारी ठेवून आपल्या विद्यार्थ्यांनी वाचाव्यात. आणि एवढा मतभेद असूनही रमाबाईंच्या धर्मांतरावर पुण्यात चिखलफेक सुरू झाली तेव्हा जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली, हेही विसरू नये.

जोतीराव हे केवळ मागत नव्हते. त्यांनी व सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, पुढे महार-मांगांसाठी शाळा काढल्या. चेल्टनहॅमला पहिली घंटा वाजल्याला वर्ष झाले त्या सुमारास, १८५५ साली, 'ज्ञानोदय' पत्रात मुक्ता नावाच्या मांग समाजातील मुलीचा निबंध छापून आला. वय चौदाच्या आसपास. महार-मांगांना इमारतींच्या पायात गाडले जाई, वेद आमचे म्हणणाऱ्यांच्या धर्मात आमची जागा कोणती, आमच्या बाया उघड्यावर बाळंत होतात त्यांचे दुःख कोण जाणे, असे प्रश्न तिने विचारले. चेल्टनहॅमच्या दारावर वाण्याची मुलगी अडवली जात होती त्या दिवसांत पुण्यातील मांगाची मुलगी धर्मशास्त्राला जाब विचारीत होती. तिला शाळा मिळाली होती ती तीन वर्षांची. स्मरणिका काढायला तिच्या शाळेमागे ना भाग-भांडवल होते, ना पेन्शनर साहेब. ती पुढे कोण झाली, हे कोणी टिपून ठेवले नाही.

फाटकाचा प्रश्न जुना झालेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून वगळले, आणि आपल्या शहरांतील जुन्या मिशनरी शाळा त्याच आडोशाला गेल्या. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जवळ सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द केली. त्या काही महिन्यांत काही संस्थाचालकांचे युक्तिवाद ऐकले तेव्हा 'वातावरण' हा शब्द वारंवार कानी आला. बापाचा धंदा आता कोणी विचारीत नाही. वातावरण विचारतात.

रमाबाईंपुरते सांगायचे तर त्यांचे फाटक दुष्काळाने मोडले. १८९६-९७ साली मध्य प्रांतात लोक अन्नावाचून मरू लागले तेव्हा त्यांनी तेथून सुमारे तीनशे मुली आणि विधवा आणल्या. उपाशी पोरीची जात विचारायला सवड नव्हती. गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्ती सदनातील संख्या दीड हजारावर गेली. तेथे नाना जातींच्या मुली एकत्र जेवल्या, विणकाम, शेती, तेलघाणा, छपाई शिकल्या. चेल्टनहॅममध्ये शिकलेली ही बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसली आणि बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करू लागली. १९२२ साली तिचा मृत्यू झाला. भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे जुळवले ते केडगावच्या छापखान्यातील बायांनी, ज्यांतल्या कित्येक दुष्काळात रस्त्यावर सापडल्या होत्या.