परगावचे एक वर्ष

कॉलेजचा अभ्यास मध्येच थांबवून मुलगा वर्षभर परगावी नोकरीस गेला, म्हणजे ते वर्ष फुकट गेले, असे पुष्कळ पालकांस वाटते. त्यांच्यासाठी आम्ही येथे एक उदाहरण देतो.

लिंडन जॉन्सन हा अमेरिकेतील टेक्सस संस्थानात, सॅन मार्कस येथील शिक्षक-महाविद्यालयात शिकत होता. पैशाची ओढाताण असल्यामुळे १९२८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने दक्षिणेकडील कोटुला गावी शाळामास्तरची नोकरी धरली. पगार दरमहा १२५ डॉलर. मुले मेक्सिकन वंशाच्या गरीब मजुरांची; कित्येक उपाशीपोटीच वर्गात येत. पहिल्या पगारातून त्याने त्यांच्यासाठी खेळांचे साहित्य घेतले. इंग्रजी यावे म्हणून तो त्यांस शाळेत स्पॅनिश बोलू देत नसे. हा कडकपणा मात्र आम्हांस रुचत नाही.

वर्ष संपताच तो परतला व १९३० साली पदवीधर झाला. पुढे तोच अमेरिकेचा अध्यक्ष झाला. १५ मार्च १९६५ रोजी मतदानाच्या हक्काविषयी कायदेमंडळापुढे बोलताना त्याने याच मुलांची आठवण सांगितली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य देणाऱ्या उच्च शिक्षणाच्या कायद्यावर त्याने आपल्या जुन्या महाविद्यालयात जाऊन सही केली.

विद्यार्थिमित्रहो, अशा वर्षाचे सार्थक दोन गोष्टींनी होते : परक्यांची सुखदुःखे उघड्या डोळ्यांनी पाहणे, आणि परत येऊन हाती घेतलेला अभ्यास पुरा करणे. दुसरी गोष्ट राहून गेली, तर पालकांची भीती खरी ठरते.