ठणका थांबला, आजार नाही

नेवासे तालुक्यातलं शनिशिंगणापूर बिनदाराच्या घरांसाठी देशभर ओळखलं जातं. शनिदेवाची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर आहे, वर छप्पर नाही. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा काढली, तीही कुलपाशिवाय. दाताच्या आतली खोली मात्र या घरांच्या अगदी उलट असते. चारी बाजूंनी कठीण भिंती, आत मऊ गाभा, त्यात नस आणि रक्तवाहिन्या, आणि बाहेर पडायला मुळाच्या टोकाशी सुईच्या अग्राएवढी वाट. कीड या गाभ्यापर्यंत पोचली की तिथे सूज येते. सुजेला पसरायला जागा मिळत नाही, सगळा दाब नसेवर येतो. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की ठणका वाढतो, तो डोक्याकडे रक्ताचा दाब वाढल्यामुळे.

मग दोन-चार दिवसांत एका सकाळी दुखणं आपोआप थांबतं. घरातली मंडळी म्हणतात, ‘लवंग लावली, दाढ राहिली.’ या आजारातला सगळ्यात घातक गैरसमज हाच. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल काही वेळ बधिरपणा आणतं, हे खरं. पण दुखणं कायमचं थांबलं असेल तर बहुधा नस मेलेली असते. जंतू मेलेले नसतात. ते मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरतात आणि तिथे पू साठू लागतो. कधी हिरडीवर पुळी येते, फुटते, पुन्हा भरते. खारट चव आली की माणूस चूळ भरतो आणि कामाला लागतो. असं महिनोन्‌महिने चालू शकतं.

‘दातात किडा आहे’ हे तर पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन किडे पाडण्याचा उपाय ग्रामीण महाराष्ट्रात अनेक वृद्धांनी पाहिलेला आहे. ही समजूत फक्त आपली नाही. प्राचीन बॅबिलोनमध्येही ती होती. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ च्या आपल्या ग्रंथात ती नाकारली आणि १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी खरं कारण मांडलं : तोंडातले जंतू साखर-पिठूळ अन्नकणांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवतं. धुरीने आम्ल थांबत नाही, पोकळी भरत नाही. दुखऱ्या दाढेवर मिश्री दाबून धरणं त्याहून वाईट. ती जाळलेली तंबाखूच. दुखण्याच्या निमित्ताने लागलेली सवय पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

दाढ काढायला माणसं घाबरतात ती मात्र वेगळ्याच कारणाने. ‘वरची दाढ काढली की नजर जाते,’ ही भीती सुशिक्षित घरांतही ऐकू येते. दृष्टीची नस वेगळी, दातांच्या संवेदनेची वेगळी. दाढ निघाल्याने नजरेला काहीही होत नाही. डोळ्याला धोका आहे तो सडलेली दाढ तशीच ठेवण्यात. वरच्या दाढांची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या सायनसला अगदी लागून असतात. तिथून, किंवा चेहऱ्यातल्या शिरांमधून, संसर्ग डोळ्याच्या खोबणीत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत जाऊ शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर दृष्टी आणि जीव दोन्ही पणाला लागतात. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्राला ही जवळीक फार क्रूरपणे दाखवली. ती बुरशी दातातून नव्हे, मुख्यतः नाकातून शिरत होती; तरी वरचे दात दुखणं आणि हलणं हे तिच्या सुरुवातीच्या लक्षणांत होतं. अनेकांचा वरचा जबडा गेला, काहींचा डोळा गेला. त्यात मधुमेह ताब्यात नसलेल्यांची संख्या मोठी होती. साध्या दाताच्या संसर्गातही मधुमेहींनी थांबू नये : साखर वाढली की संसर्ग बळावतो, आणि संसर्गामुळे साखर आणखी चढते.

खालच्या दाढेचा संसर्ग गळ्याकडे उतरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली पोचतात, म्हणून पू थेट हनुवटीखाली आणि मानेत जातो. दोन्ही बाजूंना लाकडासारखी कडक सूज, वर उचललेली जीभ, गळणारी लाळ, घोगरा आवाज. जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये या अवस्थेचं वर्णन केलं आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अँटिबायोटिक येण्यापूर्वी अशा रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक दगावत. मृत्यू बहुतेकदा श्वास कोंडून येई.

संसर्ग मेंदूपर्यंत गेल्याचं उदाहरण श्रीमंत देशातलंही आहे. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात २००७ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलाचा दाताच्या संसर्गातून मेंदूत पू होऊन मृत्यू झाला. मेंदूच्या दोन शस्त्रक्रिया करूनही तो वाचला नाही. तो दात वेळेवर काढायला सुमारे ८० डॉलर लागले असते.

आपल्याकडेही अडतं ते बहुतेकदा पैशापाशी आणि वेळेपाशी. सोनईच्या मुळा साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडीला आलेल्या मजुराचा खाडा म्हणजे बुडालेली मजुरी. मेडिकलमधून दोन गोळ्या घेतल्या की दिवस निघतो. म्हणून ‘अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आता दाढ बरी’ हा समज नीट उलगडून सांगायला हवा. मेलेल्या गाभ्यात रक्त जात नाही, म्हणून औषधही पोचत नाही. गोळ्यांनी आजूबाजूची सूज उतरते, जंतूंचं घर तसंच राहतं. रूट कॅनॉल करून ते साफ करावं लागतं किंवा दाढ काढावी लागते, पू असेल तर वाट करून द्यावी लागते. शनिवारच्या उपवासात रिकाम्या पोटी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तर पोटात व्रण करू शकतात. गालावर गरम शेक देऊ नये; कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालतील.

दुधाचे दात पडणारच, म्हणून सोडून देऊ नयेत : त्यांच्या मुळाशी साठलेला पू खालच्या पक्क्या दाताला इजा करू शकतो. गर्भारपणातही संसर्गावर उपचार करता येतात; चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा.

शनिवारी नखं-केस कापू नयेत, लोखंड घरात आणू नये, हे संकेत अनेक घरांत मनापासून पाळले जातात. त्याच ओघात ‘अमावस्या जाऊ द्या, मग बघू’ म्हणत दाढही पुढे ढकलली जाते. श्रद्धेचा मान ठेवूनही एवढं स्पष्ट सांगायला हवं की जंतू तिथी पाहत नाहीत. तेल वाहावं, दर्शन घ्यावं आणि त्याच दिवशी दवाखानाही गाठावा.

नगर जिल्ह्यात सोयी आहेत. लोणीचं ग्रामीण दंत महाविद्यालय आणि नगरजवळ वडगाव गुप्ताचं यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय, दोन्हीकडे रुग्ण तपासले जातात. दाढ ठणकत असेल, किंवा ठणकून अचानक थांबली असेल, तर याच आठवड्यात दाखवून घ्या. ताप, मानेवर सूज, तोंड न उघडणं, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, डोळ्याभोवती सूज, यांतलं एक जरी लक्षण दिसलं तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, थेट मोठ्या रुग्णालयात जा.