तारकर्लीत कोणी स्वेटर विणतं का?

ऑक्टोबर हीट, अंगाला चिकटलेला टी-शर्ट, समोर तारकर्लीचा किनारा आणि मांडीवर लोकरीचा गुंडा. हसू आलं ना? आमच्या ग्रुपलाही आलं. कोकणकन्या कुडाळला पोहोचेपर्यंत माझं नाव ‘आजीबाई’ पडलं होतं.

पण माझा नाइलाज होता. नोव्हेंबरच्या शेवटी ताईला बाळ होणार आहे. त्याच्यासाठी आजीने स्वेटर घातला होता. पाठ झाली, पुढचा एक भाग अर्ध्यावर आला आणि संधिवाताने तिची बोटं वळेनाशी झाली. ‘तू पुरा कर गं,’ म्हणत तिने सगळं माझ्याकडे दिलं, ते जुलैमध्ये. मग सबमिशन्स, मग परीक्षा, मग… तुम्हाला माहितीये पुढचं.

तुम्हीही सुट्टीत विणकाम न्यायचं म्हणत असाल, तर एक ऐका. दमट हवेत टाके सुईवर सरकतच नाहीत. बाजारात ‘बेबी वूल’ म्हणून मिळते ती लोकर बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते, ती घाम शोषत नाही. मग आपण धागा आवळून धरतो आणि वीण घट्ट येते. आजीची वीण कुठे संपली आणि माझी कुठे सुरू झाली, हे लांबून कळत होतं! शेवटी मी पहाटे सहाला, हाताला टाल्कम पावडर चोळून बसायला लागले. सनस्क्रीन लावलेल्या हाताने मात्र लोकरीला शिवायचं नाही. पांढऱ्या लोकरीवर डाग पडतो. (पडलाय. ताईला सांगू नका.)

तिसऱ्या दिवशी एक टाका सुटलेला दिसला, तोही वीसेक ओळी खाली. अख्खी शिडी तयार झालेली. मला रडूच यायचं बाकी होतं, कारण त्यातल्या निम्म्या ओळी आजीच्या होत्या. उसवायच्या कशा?

शेजारी एक काका रापणीचं जाळं दुरुस्त करत होते. ‘ह्या काय गो? हयसर स्वेटर कोणाक?’ मी सांगितलं, शिडी दाखवली. त्यांनी त्यांचं जाळं पुढे केलं. त्यांच्या जाळ्यात प्रत्येक घराला गाठ असते, त्यामुळे एक घर तुटलं तरी शेजारचं जागेवर राहतं. स्वेटरमध्ये गाठी नसतातच, नुसते एकमेकांत अडकवलेले फास. म्हणून तो ताणला जातो, आणि म्हणूनच एक टाका सुटला की खालपर्यंत धावतो. ‘तुझा काम कठीण,’ काका म्हणाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी असं म्हटलं!

आजीला व्हिडिओ कॉल लावला. ‘उसवू नकोस. क्रोशाच्या सुईने खालचा टाका पकड आणि शिडीची एकेक पायरी त्यातून ओढत वर ये.’ क्रोशाची सुई होती कुठे? मैत्रिणीच्या केसांतली काळी पिन काढली, तिचं टोक वाकवलं. पाऊण तास लागला. बाकीचे स्कूबाला गेले होते, मी नाही गेले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर आजीने स्वेटर हातात घेतला. डोळे मिटून बोटं फिरवली आणि बरोबर त्या जागी थांबली. ‘इथे ना?’ मग स्वेटर झटकला, तर फरशीवर वाळू.

दोन्ही बाह्या अजून बाकी आहेत. सध्या लोकलमध्ये विणते, बसायला मिळालं तर.