मंद आचेवरचं सलगम-मटण

ग्वाल्हेरचा जानेवारी ज्यांनी काढला आहे, त्यांना थंडी समजावून सांगायला नको. रात्री पारा चार-पाच अंशांवर येतो, सकाळी उशिरापर्यंत धुकं हटत नाही आणि लष्करातल्या आमच्या जुन्या घराच्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. अशा दिवसांत दर रविवारी आमच्याकडे मटण असायचंच. आजी ते कोळशाच्या शेगडीवर करायची. सकाळी चढवलेलं पातेलं दुपारी उतरायचं आणि तोवर सगळं घर भुकेनं कासावीस झालेलं असायचं. पुढे आजी गेली, शेगडी माळ्यावर गेली आणि मटण कुकरमध्ये गेलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी माझ्या लक्षात आलं, की बाबा मटण खात नाहीत. रस्सा-भाकरी खायचे, फोडी मात्र ताटाच्या कडेला सरकवायचे. विचारलं, तर म्हणायचे, "आता जड पडतं रे." मलाही ते खरं वाटलं. मग एकदा आईनं स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "जड नाही, त्यांना चावत नाही. दाढा काढल्यात ना. कवळी अजून नीट बसत नाही आणि तुमच्यासमोर सांगायला संकोच वाटतो."

पुढच्या रविवारी मी कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या. सहाच्या जागी दहा केल्या. मटण हाडापासून सुटलं खरं, पण तोंडात दोऱ्यासारखं झालं. बाबांनी एक फोड घेतली, बराच वेळ चघळली आणि नंतर हात रुमालाकडे गेला. मी दुसरीकडे बघितलं. त्या दिवशी मी ठरवलं, की मटण मऊ होतं म्हणजे नेमकं काय होतं ते आधी समजून घ्यायचं.

मटणाच्या फोडीत दोन गोष्टी असतात. एक म्हणजे मांसाचे धागे आणि दुसरी म्हणजे त्या धाग्यांना बांधून ठेवणारी पांढरट, चिवट आवरणं. ही आवरणं कोलॅजेनची असतात. आच लागली की धागे आकसतात आणि आपलं पाणी बाहेर टाकतात. साठ-सत्तर अंशांपर्यंत हे होऊन गेलेलं असतं. त्यामुळे अर्धवट शिजलेलं मटण चिवट लागतं. कोलॅजेन मात्र घाई करत नाही. सत्तर अंशांच्या पुढे ते हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं. हे जिलेटिनच कोरड्या पडलेल्या धाग्यांना पुन्हा ओलसर, मऊ करतं आणि रश्श्याला दाटपणा देतं.

कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. तिथे कोलॅजेन झटपट विरघळतं, पण धागेही तितकेच जोरात पिळले जातात. त्यातून मी आणत होतो रानेचं मटण, म्हणजे मागच्या पायाचं. दिसायला स्वच्छ, गुलाबी. पण त्यात चरबी कमी आणि पांढरी आवरणंही कमी. विरघळायलाच फारसं काही नाही, मग मऊपणा येणार कुठून?

म्हणून पहिला बदल दुकानातच केला. आता मी दस्त, म्हणजे पुढचा पाय आणि खांदा, गर्दन आणि नळी घेतो. बोकडाचे हे भाग आयुष्यभर राबलेले असतात, म्हणून चिवट असतात आणि मंद आचेवर तेच सगळ्यात मऊ होतात.

जगभरच्या थंडीतल्या पातेल्यांची गोष्ट हीच आहे. 'निहारी'चं नाव सकाळवरून आलेलं, कारण ती रात्रभर शिजून सकाळी खायची. 'शबदेग' म्हणजे रात्रीची देग. त्यात मटणाबरोबर सलगम असतात. आयर्लंडमध्ये मेंढीचं मटण बटाट्या-कांद्याबरोबर शिजतं, फ्रान्समध्ये गोमांस गाजर आणि सलगमांबरोबर. प्राणी बदलतो, मसाला बदलतो. चिवट मांस, कंदमुळं आणि भरपूर वेळ हे तिन्हीकडे सारखंच.

आमच्या घरी आता होतं ते असं. एक किलो मटणाच्या जरा मोठ्या फोडी करून घ्यायच्या. लहान फोडी तीन तासांत विस्कटतात. फोडी धुऊन, फडक्यानं कोरड्या करून मीठ लावायचं. जाड बुडाच्या पातेल्यात चार चमचे तेल चांगलं तापवून फोडी थोड्या थोड्या घालून सगळ्या बाजूंनी तांबूस परतायच्या. सगळं मटण एकदम घातलं, तर पाणी सुटतं आणि परतण्याऐवजी ते उकडतं. खमंगपणा पाण्यात येत नाही.

फोडी काढून त्याच तेलात तीन उभे चिरलेले कांदे, दोन तेजपानं, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि एक मसाला वेलदोडा परतायचा. कांदा तांबूस झाला की दोन चमचे आलं-लसूण वाटण, दोन चमचे धणेपूड, एक चमचा बडीशेपेची पूड, अर्धा चमचा सुंठ, थोडी हळद आणि सोसेल तेवढं तिखट घालायचं. आच कमी करून वाटीभर घुसळलेलं दही थोडं थोडं मिसळायचं. तेल सुटलं की फोडी परत घालून दोन-अडीच वाट्या गरम पाणी ओतायचं. मटण पाण्यात बुडायला नको. पाणी फोडींच्या अर्ध्यापर्यंत आलं की पुरे.

एक उकळी आली की पातेलं सगळ्यात लहान शेगडीवर, खाली तवा ठेवून ठेवायचं. घट्ट झाकण लावायचं. ते सैल असेल, तर कडेला कणीक लावावी. मात्र पहिल्यांदा करताना कणीक नको, अधूनमधून बघता आलं पाहिजे. खदखदा उकळत असेल, तर आच जास्त आहे. दर एक-दोन सेकंदांनी एखादा बुडबुडा यावा, इतकंच. दोन तास असंच राहू द्यायचं. अर्ध्या तासानं एकदा झाकण उघडून बघायचं आणि पाणी कमी वाटलं, तर गरम पाणीच घालायचं.

भाज्या आधीपासून घालायच्या नाहीत, त्यांचा लगदा होतो. थंडीत इथल्या मंडईत ढिगानं येतात ते लहान, घट्ट सलगम 400 ग्रॅम घ्यावेत. मोठे कडवट आणि जून निघतात. ते सोलून, अर्धे करून, काट्यानं टोचून थोड्या तेलात सोनेरी परतायचे. दोन तासांनी हे सलगम, तीन गाजरांचे जाड तुकडे आणि सात-आठ लहान अख्खे कांदे पातेल्यात घालून आणखी चाळीस-पन्नास मिनिटं ठेवायचं. रश्श्यात दह्याचा आंबटपणा असल्यानं भाज्या शिजायला जरा जास्त वेळ घेतात, घाबरू नये. चमच्यानं दाबल्यावर फोड तुटली, की झालं.

गॅस कुकरपेक्षा जास्त जळतो, हे खरं आहे. म्हणून आम्ही दोन दिवसांचं एकदम करतो. उरलेलं दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच नीट उकळून घ्यायचं. फ्रीजमधला रस्सा थिजलेला दिसला, तर तो बिघडलेला नाही. तेच ते जिलेटिन. चवही दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेली लागते.

एक सूचना फक्त ज्यांच्या घरी आईवडिलांचे दात गेले आहेत त्यांच्यासाठी. वाढण्याआधी त्यांच्या वाटीतली बारीक हाडं काढून टाका. मांस मऊ झालं की हाडाच्या कपच्या सुटून रश्श्यात येतात, आणि कवळीखाली कपची आली तर फार दुखतं. हे काम स्वयंपाकघरातच उरकायचं, ताटावर नाही.

पहिल्यांदा जमलं, त्या रविवारी मी बाबांना काही सांगितलं नाही. सगळ्यांना वाढलं तसंच त्यांनाही वाढलं. त्यांनी फोड भाकरीच्या तुकड्यानंच मोडली, खाल्ली, मग दुसरी घेतली. आई माझ्याकडे बघत होती, मी ताटात बघत होतो. तिसऱ्यांदा वाढताना बाबा म्हणाले, "मीठ जरा कमी झालंय. आणि नळी कुणाच्या ताटात गेली?"

नळी माझ्या मुलीच्या ताटात होती. तिनं ती आजोबांना दिली.