मंडळाची वेबसाइट : फाइली चढवण्याआधी एक प्रत उतरवा

गणपती जवळ आले की मंडळाची वेबसाइट सांभाळणाऱ्याला फोन सुरू होतात : "अहो, आरतीची वेळ अजून मागच्या वर्षीचीच दिसतेय!" इतकी वर्षं हे काम बघणारे काका दुसऱ्या गावी राहायला जातात आणि पासवर्डाची चिठ्ठी एखाद्या नव्या कार्यकर्त्याच्या हाती येते. आजचा भाग त्या नव्या कार्यकर्त्यासाठी.

वेबसाइट म्हणजे शेवटी एका फोल्डरमधल्या फाइली. लॅपटॉपवर त्या बदलल्या तरी लोकांना काही दिसत नाही, कारण लोक पाहतात ती प्रत असते सर्व्हरवर, म्हणजे दूर कुठेतरी चोवीस तास चालू असलेल्या कॉम्प्युटरवर. फाइल तिथे पोचवण्याच्या रीतीला म्हणतात एफटीपी. तिचा पहिला आराखडा १९७१ साली अभय भूषण यांनी लिहिला. ते आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले. शिकायला अमेरिकेत एमआयटीत आले होते. म्हणजे हीसुद्धा घर सोडून आलेल्या एका विद्यार्थ्याचीच कामगिरी!

पूर्वी ब्राउझरमधूनही एफटीपी चालायचं. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही २०२१ मध्ये ते बंद केलं. आता वेगळं सॉफ्टवेअर लागतं. फाइलझिला हे त्यातलं फुकट मिळणारं आणि पुष्कळांच्या ओळखीचं.

ते उघडलं की वर चार रकाने दिसतात : होस्ट, युजरनेम, पासवर्ड आणि पोर्ट. ही माहिती होस्टिंग कंपनीकडून मिळते. साध्या एफटीपीचा पोर्ट २१, पण त्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जाऊ शकतो. म्हणून कंपनीकडे एसएफटीपी मागा. ते सारं कुलूपबंद जातं आणि त्याचा पोर्ट बहुधा २२ असतो.

जोडणी झाली की पडद्याचे दोन भाग दिसतात. डावीकडे तुमचा लॅपटॉप, उजवीकडे सर्व्हर. उजवीकडे बहुतेक ठिकाणी 'पब्लिक अंडरस्कोअर एचटीएमएल' नावाचं फोल्डर असतं. वेबसाइट त्यातच राहते. डावीकडची फाइल धरून उजवीकडे सोडली की ती चढली.

पण थांबा. आधी उलटं करा. उजवीकडचं सगळं फोल्डर डावीकडे उतरवून घ्या आणि त्या प्रतीला आजची तारीख द्या. हे का सांगतोय, तर मी स्वतः ते केलं नव्हतं. जागा मोकळी करायची म्हणून मी 'जुने' नावाचं फोल्डर पुसलं. वाटलं, डावीकडचं पुसतोय. ते उजवीकडचं होतं, आणि सर्व्हरवरून पुसलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही. महिन्याभराने एका काकूंनी विचारलं, "आपल्या पहिल्या गणपतीचे फोटो कुठे गेले हो?" होस्टिंगवाल्यांकडे तोवर जुनी प्रत उरली नव्हती. काकूंच्या पेन ड्राइव्हवर थोडे फोटो सापडले. बाकीचे गेले. त्यात आता आपल्यात नसलेली माणसंही होती.

आणखी तीन गोष्टी. फाइलींची नावं इंग्रजी लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहा; बहुतेक सर्व्हरांना मोठ्या 'जी'चा गणपती आणि लहान 'जी'चा गणपती हे दोन वेगळे वाटतात, मग फोटो दिसत नाही. दुसरं, 'ही फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का?' असा प्रश्न आला की होकार देण्यापूर्वी दोन्हींच्या तारखा बघा. आणि तिसरं, चढवूनही जुनंच पान दिसत असेल तर घाबरू नका. ब्राउझरने जुनी प्रत जपून ठेवलेली असते. विंडोजवर कंट्रोल आणि एफ-पाच एकत्र दाबा.

शेवटी, पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवू नका. खजिनदाराच्या वहीइतकाच तोही मंडळाचा आहे. दोघांकडे असू द्या, आणि कार्यकारिणी बदलली की तोही बदला.

या शनिवारी अर्धा तास काढा आणि ती एक प्रत उतरवून घ्या. एवढंच करा, बाकी सगळं पुन्हा करता येतं. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!